मयत उचलेपर्यंत

लवू मेतर जन्माचा भिडस्त. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्या पानावरून तसाच पुढे गेला तरी हा हाक मारायचा नाही. कोरडा भात पाण्याबरोबर गिळायचा, उठायचा, आणि वर यजमानाला 'जेवण बरा जाला' म्हणून सांगून यायचा. एस.टी.त बसायला जागा मिळाली, तर दोन थांब्यांच्या आत ती कुणाला तरी देऊन मोकळा. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. त्याच्या हक्काच्या किती गोष्टी या भिडेपायी दुसऱ्याच्या घरात गेल्या, त्याच्या कहाण्या वाडीत हसत हसत सांगत, आणि लवूही त्यांच्यात बसून हसायचा.

वाडी आचऱ्याच्या अलीकडे, सड्याच्या पायथ्याशी. खाली वाळू, वाळूवर ओढलेल्या होड्या, मग माड, मग घरं, आणि घरांच्या डोक्यावर जांभ्याचा उघडा सडा. त्या सड्यावर मुंबईच्या कुणा मालकाचं हॉटेल उठायला लागलं, तेव्हा वाडीला बरंच वाटलं. मासळी लागेल, पोरांना काम लागेल. वाडीतून मान वर केली की खांब दिसायचे आणि खांबांना बांधलेल्या बांबूंच्या परांचीवर चढलेली माणसं दिसायची.

त्या माणसांत लवूचा मुलगा प्रितेश होता. मुलगी दिव्या सावंतवाडीला दिलेली, घरात हा एकटाच. बापाबरोबर चार हंगाम होडीवर गेला. पण मोठ्या ट्रॉलरनी दर्या खरवडून नेल्यावर छोट्या होडीच्या जाळ्यात राहतं काय? तो वरती सेंट्रिंगच्या कामाला लागला. स्लॅबखालच्या फळ्या ठोकायच्या आणि स्लॅब सुकला की सोडवायच्या. मुंबईला जायला नको, गोव्याला जायला नको, दुपारी हाक मारली तर आईला ऐकू जाईल एवढ्यावर काम. एकदा जेवताना तो म्हणाला होता, "आये, वरती कमरेक बांधूक साधी दोरी पण नाय. मागलंय तर मुकादम म्हणता, तुमी दर्यावरची माणसां, तुमका पडूची भीती कसली?" पार्वती म्हणाली, "सोड ता काम." त्याने हसून आणखी भात मागितला.

दिवाळी तोंडावर आलेली. तिसऱ्या मजल्याच्या कडेला फळ्या सोडवताना परांचीचा बांध सुटला. प्रितेश आणि त्याच्या शेजारी काम करणारा विजापूरकडचा एक तरुण, दोघे खाली जांभ्यावर आले. कमरेला पट्टा नाही, खाली जाळी नाही. प्रितेशच्या डोक्यावर टोपी होती, ती क्रिकेटची.

विजापूरकडच्याचं नाव वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दवाखान्यातून त्याची मयत ठेकेदाराने त्याच संध्याकाळी गाडीत घातली, शेजारी त्याचा भाऊ बसवला आणि गाडी घाटाला लावली. गणपतीच्या दिवसांतही असाच एक परगावचा वरून पडून मेला होता. तेव्हा वाडीने 'बिचारो' म्हटलं आणि आपापल्या आरतीला गेली. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, ते असं.

दवाखान्याच्या पायरीवर गुरुदास भेटला. गुरुदास वाडीतलाच, निवृत्त कंडक्टर. नोकरीभर त्याने युनियन केली आणि त्यापायी दोनदा निलंबित झाला. त्याने लवूच्या खांद्यावर हात ठेवला आणि जे सांगितलं ते हलक्या आवाजात, पण रोखठोक.

"लवू, आयक. त्या पोराची मयत त्येंनी पळवली. आता आपल्या हातात एकच आसा. मालकावर आणि ठेकेदारावर गुन्हो दाखल जायपर्यंत प्रितेशाक ताब्यात घेवचा नाय. एकदा तू सही करून मयत उचललंस की संपला. मगे तुका कोण ईचारूचो नाय."

मेलेल्या मुलाला तसाच ठेवायचा, हे ऐकून लवू खाली बसला. मग उठला आणि गुरुदासच्या मागून पोलीस ठाण्यात गेला. साहेब भला माणूस दिसत होता, त्यांनी खुर्ची दिली.

"आकस्मिक मृत्यूची नोंद केलेली आहे," साहेब म्हणाले. "रीतसर चौकशी होईल. तुम्ही आधी मृतदेह ताब्यात घ्या. असं करणं बरं दिसत नाही."

"नाय," लवू म्हणाला. उभ्या जन्मात त्याने साहेबाला सांगितलेलं हे पहिलं 'नाय'. शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

घरी येऊन त्याने पार्वतीला सांगितलं. आता ही हंबरडा फोडणार, माझ्या लेकराला घरी आणा म्हणणार, अशी त्याची खात्री होती. तिने पदराने तोंड पुसलं. "आसांदे थंय," ती म्हणाली. "माज्या पोटात नव म्हयने रवलो, आता चार दिस त्या थंड पेटयेत रवलो म्हणून काय जाता? पण तुमी ह्येंका सोडू नकात. तिगां मेली हो. तिगां. आमी सोडलांव तर चवथो मरतलो."

दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर सगळी वाडी. बायका मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊनच आल्या होत्या, त्याच उलट्या टाकून त्यांवर बसल्या. खाडीपलीकडचा जेरी रोझारियो आला. तोही सेंट्रिंगचा सुतार, प्रितेशच्या पाच हातांवर काम करत होता, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर झालं. वाडीतलीच आणखी चार मुलं त्या दिवशी वर होती, तीही आली. गुरुदासने पुठ्ठ्यांवर लिहून आणलं होतं: आमची माणसं पडायला ठेवली नाहीत. घोषणा झाल्या. 'कामगारांच्या मरणाक जबाबदार कोण?' असं गुरुदास विचारी आणि रस्ताभर उत्तर घुमे. लवूला कधी कुणी पुढे बसवलं नव्हतं. आज त्याला सगळ्यांच्या पुढे बसवलं होतं, आणि त्याला मागे पाहवत नव्हतं, इतकी माणसं त्याच्यासाठी आली होती.

आता या वाडीची एक रीत सांगायला हवी. वाडीत मयत असली की ती उचलेपर्यंत घरात चूल पेटत नाही आणि होडी दर्यात जात नाही. कुणाच्याही घरची असो, भांडणातल्या माणसाची असो, रीत म्हणजे रीत. आजवर हे काही तासांचं काम असायचं. सकाळी माणूस गेला तर दुपारपर्यंत आग, आणि दुसऱ्या दिवशी होड्या पाण्यात. मयत दिवसांवर दिवस उचललीच नाही तर काय करायचं, हे वाडवडिलांपैकी कुणी सांगून ठेवलं नव्हतं. त्यांना कुठे ठाऊक होतं, की आपल्या पतवंडांना पोराचं मढं अडवून न्याय मागावा लागेल!

चुलींचा तोडगा निघाला. पोरांपुरती पेज दाराबाहेर तीन दगडांवर शिजू लागली. होड्यांना तोडगा नव्हता. त्या वाळूवर ओढलेल्या होत्या तशाच राहिल्या.

आणि नेमका बांगडा लागला. पावसाळ्यानंतर सगळी वाडी ज्याची वाट बघत होती तो बांगडा, इतका जवळ, की किनाऱ्यावरून पाण्याचा काळसर पट्टा दिसत होता आणि वर पाखरांनी कालवा मांडला होता. बाहेरचे ट्रॉलर आले. इथल्या होड्या उतरत नाहीत म्हटल्यावर त्यांना रान मोकळंच. दिवसाढवळ्या, वाडीच्या डोळ्यांसमोर, ते वाडीचा बांगडा ओढत होते. म्हातारे वाळूत बसून बघत होते. कुणी शिवी घातली तर ती ट्रॉलरला. लवूला कुणी अवाक्षर बोललं नाही.

बोलले असते तर बरं झालं असतं. शेजारची सत्यवती रोज पेज आणून द्यायची. तिच्या दोन होड्या, दोन्ही बँकेच्या कर्जावर घेतलेल्या. पेज ठेवताना ती म्हणायची, "खा गो पार्वती, जीव धर," आणि लवूकडे बघायचं टाळायची. रागाने नव्हे. आपल्या डोळ्यांत त्याला काही दिसू नये म्हणून. लवूला ते दिसायचंच. ठाण्यासमोर माणसं रोज यायची, पण घोषणा देता देता एकेकाची नजर दर्याच्या बाजूला वळायची. आपल्यामुळे वाडी उपाशी राहते आहे, एवढंच त्याच्या डोक्यात घोळायला लागलं. ज्या माणसाची पंगतीत आमटी मागायला जीभ उचलत नाही, त्याने अख्ख्या वाडीचा हंगाम कसा मागून घ्यावा?

ठेकेदार एकदाही आला नाही. त्याने मुकादमाकरवी एवढाच निरोप पाठवला, की आम्हाला घाई नाही. त्याला कशाला घाई असेल? त्याचा बांगडा पळत नव्हता.

शेवटी लवू भिकाजीकडे गेला. भिकाजी वाडीतला सगळ्यात वयस्क, त्याने होडी लोटली की बाकीच्या लोटतात.

"भिकाजीदादा," लवू हात जोडून म्हणाला, "होड्ये घाला दर्यात. माजो झिल आडयो येवचो नाय."

म्हातारा चिडला. खरोखर चिडला, त्याच्या हातातली विडी पडली. "खुळावलंस काय रे? तुज्या झिलाच्या अंगावरसून होडी न्हेव? तो वाडयेचो झिल न्हय? बांगडो काय, आज ना उद्या येतलो. तू बस थंय, आमी आसांव. परत असा बोला नको माका."

लवू परत आला. यापेक्षा म्हाताऱ्याने थोबाडीत मारली असती तर त्याला हलकं वाटलं असतं. त्याने होड्या सोडवायला जावं, तर वाडी त्याच्यावर आणखी माया करी, आणि मायेचं ओझं त्या भिडस्त माणसाला कर्जाहून जड. होड्या दर्यात जायच्या तर वाट एकच उरली होती.

तो एकटाच ठाण्यात गेला. साहेबांनी पुन्हा खुर्ची दिली.

"तुम्ही आज मृतदेह ताब्यात घ्या," साहेब म्हणाले. "मी शब्द देतो, उद्या सकाळी जागेवर पुन्हा पंचनामा करतो आणि सगळ्यांचे जबाब घेतो. ज्याने ज्याने पाहिलं त्याला घेऊन या. जबाब झाले की गुन्हा दाखल करायला मला कोण अडवतंय?"

लवूने सही केली. मराठी शाळेत शिकलेली सही, अक्षरं सुटी सुटी. गुरुदास धावत आला तेव्हा कागद खणात गेलेला. "आणखी दोन दिवस रे," तो म्हणाला, "गुन्हो घेवचो म्हणून सायबावर वरून दबाव येवक लागलो होतो. आणखी दोन दिवस!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लवू म्हणाला, "सायबान शब्द दिलो आसा." गुरुदासने कपाळावर हात मारला.

संध्याकाळी वाळूच्या टोकाला प्रितेशला अग्नी दिला. लोक आंघोळी करून घरी गेले, तेव्हा पार्वती दारात बसून म्हणाली, "वाडयेचो मान ठेवल्यात तुमी. झिलाचो नाय ठेवल्यात." एवढंच. ते तिने परत कधी म्हटलं नाही, पण लवूच्या कानात ते तिच्या आवाजात वाजतच राहिलं.

उद्या सकाळी सगळ्यांनी सड्यावर यायचंय, हे त्या संध्याकाळी वाडीत सांगायला हवं होतं. लवू सांगायला निघालाही. पाहतो तर प्रत्येक दारात माणसं जाळी काढून बसलेली, बर्फाच्या पेट्या भरताहेत, इतक्या दिवसांनी कुणी कुणाला हाका मारताहेत. वरचं काम बंद म्हणून ती चार मुलंही कुणाच्या ना कुणाच्या होडीवर खलाशी म्हणून जायची होती. एकाच्या दारात तो थांबला. "काय लवूकाका?" मुलाने विचारलं. लवू म्हणाला, "काय नाय. संबाळून जा." आणि घरी आला. काय करावं अशा माणसाचं! देवाने त्याला जीभ दिली ती दुसऱ्याचं बरं बोलायलाच दिली असणार.

सकाळी वाळूवर एकही होडी नव्हती. सड्यावर गेले तिघे: लवू, गुरुदास आणि जेरी.

वर जाऊन पाहतात तर नवलच. बांबू गेलेले, लोखंडी नळ्यांची परांची उभी. तिसऱ्या मजल्याखाली हिरवीगार जाळी ताणलेली. खुंट्यांवर कमरपट्टे ओळीने टांगलेले, त्यांचे प्लास्टिकचे कागदही धड फाडलेले नव्हते. पिवळी शिरस्त्राणं. 'सुरक्षा प्रथम' असा मराठीत, हिंदीत आणि कानडीत फलक. वरातीमागून घोडं म्हणतात, पण हे घोडं नुसतं मागून आलं नव्हतं, ते वरातीच्या आधीपासून इथेच होतं असं लिहून घ्यायला आलं होतं. पंच म्हणून उभे होते ते ठेकेदाराला वाळू पुरवणारा आणि कामगारांना चहा देणारा.

"साहेब, ह्यातला काय पण तेव्हा नव्हता," जेरी पुढे होऊन म्हणाला. "माज्या कपाळावर बंदूक लावा, मी हेच सांगतलंय. पट्टो नव्हतो, जाळी नव्हती. बांध कुजलेलो होतो, प्रितेशान दोनदा सांगला होता."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मग मुकादम म्हणाला, पट्टे होतेच, ही पोरं घालत नाहीत, गरम होतं म्हणतात. तेही लिहून घेतलं.

"आणखी कोण होतं त्या वेळी?" साहेबांनी विचारलं.

गुरुदासने चार नावं सांगितली.

"मग कुठे आहेत ते?"

गुरुदास लवूकडे बघायला लागला. लवूने सड्यावरून खाली पाहिलं. पाणी सकाळच्या उन्हात चमकत होतं आणि पार दूरवर वाडीच्या होड्या तिळाएवढ्या दिसत होत्या. फोन तिथे लागत नाही. लागला असता तरी जाळी पाण्यात असताना कोण परत फिरतं?

"दर्यात आसत," लवू म्हणाला.

"काल तर सगळा गाव माझ्या दारात होता," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. थोडं आश्चर्य होतं, आणि थोडी सुटकाही. "ठीक आहे. नंतर बघू."

ते 'नंतर' आलं नाही. चार मुलांना पुढे दोनदा बोलावणं आलं. पण तोवर त्यांचं काम वर पुन्हा सुरू झालं होतं, आणि मुकादम त्यांना काय बोलला ते त्यांनी सांगितलं नाही. कागदावर राहिलं ते असं, की साधनं पुरवलेली असताना मयताने ती वापरली नाहीत. म्हणजे प्रितेशला मारलं कुणी, तर प्रितेशने. जेरीला कामावर घेईनात, तो आईला मागे ठेवून म्हापशाला निघून गेला. गुरुदास अर्ज देत राहिला, अजून देतो. मोर्चा काढू म्हणून त्याने बैठक बोलावली, तेव्हा तिला तो, लवू आणि पार्वती एवढेच होते.

होड्या मात्र त्या दिवशी भरून आल्या. सत्यवती एक पेटी घेऊन लवूच्या दारात आली. पहिल्या जाळ्यातला चांगला बांगडा, त्यांचा वाटा. सुतकात मासळी चालत नाही हे तिलाही ठाऊक होतं. "बर्फात घालून ठेवतंय गो," ती पार्वतीला मायेने म्हणाली, "कायेक जावचा नाय त्येका. बारावो जाल्यार खावा." पार्वतीने पेटीतल्या बर्फाकडे पाहिलं, उठली आणि परसात जाऊन ओकली. सत्यवतीला आपलं काय चुकलं ते कळलं, तेव्हा ती पायरीवर बसून रडू लागली. लवू तिचीच समजूत घालत बसला.

बारावं झालं. सड्यावर स्लॅबचा दणदणाट पुन्हा सुरू झाला. लोखंडी नळ्या भाड्याच्या होत्या, त्या दुसऱ्या कामावर गेल्या आणि त्यांच्याबरोबर हिरवी जाळीही गेली. पुन्हा बांबू आले. लवू हे खालून बघायचा. एके दिवशी त्याला बघवेना. घरात काही न सांगता तो उठला, सडा चढला आणि पत्र्याच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या मजल्याच्या कडेला, जिथून प्रितेश गेला तिथेच, एक पोरगेलासा कामगार बांबूला सुंभ आवळत होता. नवीन होता, कुठल्या तरी दूरच्या मुलखातला. अंगात बनियन, पायात स्लीपर. कमरेला काही नाही.

आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेला माणूस, लवू पत्र्याला धरून जीव खाऊन ओरडला, "उतर रे! उतर खाली! मरशीत रे! माजो झिल मेलो थंय! उतर!"

काँक्रीटचं यंत्र घरघरत होतं. पोराला एवढंच कळलं, की खालून कुणी म्हातारा आपल्याला काही सांगतो आहे. त्याने सुंभ सोडला, एका हाताने बांबू धरला, दुसरा कानामागे नेला आणि हसत विचारलं, "क्या बोला, चाचा?"

"उतर!" लवू पुन्हा ओरडला.

ते ऐकायला पोरगा आणखी पुढे झुकला. त्याच्या टाचा फळीवरून उचलल्या, बांबू करकरला.

लवूने तोंड गच्च मिटलं. दोन्ही हात हलवून तो त्याला मागे सरायची खूण करू लागला, काय नाय रे, काय नाय, जा, कर तुजा काम. पोरगा हसला, सरळ झाला आणि पुन्हा सुंभ आवळायला लागला. तो कडेवरून आत जाईपर्यंत लवू पत्र्याला धरून तसाच उभा राहिला, श्वासाचाही आवाज होऊ न देता.